जुन्या हायस्कूलचा इतिहास लिहायचाय? आधी जनरल रजिस्टर उघडा

दप्तरदार

शताब्दी किंवा अमृतमहोत्सव जवळ आला की शाळेत स्मरणिका समिती बसते. जाहिराती गोळा होतात, शुभेच्छा संदेश येतात, आणि इतिहासाची चार पानं शेवटच्या पंधरवड्यात मागच्या स्मरणिकेवरून उतरवली जातात. त्यातली चूक मग पुढच्या पन्नास वर्षांसाठी पक्की होते. सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित हायस्कूलांत मूळ कागद बऱ्याचदा अजून कपाटात असतात, त्यामुळे हे टाळता येतं. ते कागद कसे वाचायचे यासाठी हा धागा. ज्यांना आपापल्या भागातली पद्धत माहीत आहे त्यांनी भर घालावी.

सुरुवात जनरल रजिस्टरपासून करा. हजेरीचे कॅटलॉग ठरावीक मुदतीनंतर रद्दीत जातात, जनरल रजिस्टर कायम जपायचं असतं. प्रत्येक मुलाची एक ओळ: अनुक्रमांक, नाव, धर्म-जात, जन्मस्थळ, जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांत, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख आणि इयत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, कोणत्या इयत्तेत व केव्हापासून, सोडण्याचं कारण, शेरा. फार जुन्या रजिस्टरात यातले चार-पाच रकाने नसतात, पण नाव, तारीख आणि इयत्ता असतेच. शाळेचा कणा हाच.

ही एक ओळ वाचताना काय काय चुकतं ते साताऱ्याच्या एका नोंदीवरून दाखवतो. राजवाड्यातल्या तेव्हाच्या गव्हर्नमेंट हायस्कूलमध्ये, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचा प्रवेश झाला. रजिस्टरातला क्रमांक १९१४. शाळेने ते रजिस्टर जपून ठेवलं आहे, आणि २०१७ पासून राज्य सरकार ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं.

पहिला घोटाळा १९१४ या आकड्याचा. तो साल नव्हे, रजिस्टरचा क्रमांक आहे. चार आकडी क्रमांक सालासारखा दिसतो आणि घाईत टंकणारा तो साल म्हणून उतरवतो. म्हणून नोंद करताना 'ज. र. क्र.' (जनरल रजिस्टर क्रमांक) हे शब्द क्रमांकाला चिकटूनच लिहावेत.

दुसरा घोटाळा इयत्तेचा, आणि तो जास्त खोल आहे. प्रवेश 'पहिलीत'. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, म्हणजे त्या दिवशी वय साडेनऊ. साडेनऊ वर्षांचा मुलगा पहिलीत कसा? ही इंग्रजी पहिली आहे. आधी मराठी शाळेच्या इयत्ता, मग इंग्रजी पहिली ते सातवी, आणि सातवीला मॅट्रिक. १९०० साली इंग्रजी पहिली धरली तर सातवी १९०७ ला येते, आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून ते मॅट्रिक झाले ते १९०७ सालीच. साताऱ्यात ते १९०४ पर्यंत होते, म्हणजे इंग्रजी चौथीपर्यंत. 'चौथीपर्यंत साताऱ्यात शिकले' हे वाक्य आजचा वाचक प्राथमिक शाळा म्हणून वाचतो. ते हायस्कूल होतं.

शाईदौत

इयत्तांचं कोष्टक जुन्या मुंबई इलाख्यापुरतं देतो, म्हणजे पश्चिम महाराष्ट्र, कोकण, खानदेश, नाशिक, नगर.

मराठी पहिली ते चौथी म्हणजे आजची पहिली ते चौथी. इंग्रजी पहिली म्हणजे पाचवी, इंग्रजी चौथी म्हणजे आठवी, इंग्रजी सातवी म्हणजे अकरावी. जो मुलगा मराठीतच सातवीपर्यंत जाई तो व्हर्नाक्युलर फायनलला बसे. रजिस्टरात 'व्ह. फा.' असं दिसतं ते हेच. म्हणजे नुसतं 'सातवी पास' लिहिलेलं असेल तर ती मराठी सातवी की इंग्रजी सातवी हे आधी ठरवा. एक प्राथमिक शिक्षकाच्या नोकरीचा रस्ता होता, दुसरा कॉलेजचा.

मॅट्रिक मुंबई विद्यापीठ घेई. विद्यापीठ १८५७ चं, पहिली मॅट्रिक १८५९ ची. न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर त्याच पहिल्या तुकडीतले. परीक्षेचा महिनाही आजच्यासारखा मार्च नव्हता. गांधीजींनी राजकोटच्या हायस्कूलमधून दिलेली मॅट्रिक नोव्हेंबर १८८७ ची आहे आणि कॉलेजप्रवेश १८८८ चा. म्हणून जुन्या गुणफलकावरचं साल आणि कॉलेजच्या नोंदीतलं साल यात एकाचा फरक पडला तर लगेच चूक समजू नका.

१९४८ साली एसएससी परीक्षेसाठी मंडळ आलं, पहिली एसएससी १९४९ ला झाली. त्याआधीचा 'मॅट्रिक' आणि नंतरचा 'एसएससी' एकाच यादीत घालायला हरकत नाही, पण मधे एक रेघ ओढून परीक्षा कोणाची ते लिहा. आजचं राज्य मंडळ १९६६ चं.

आता सगळ्यात जास्त चुकणारं साल: १९७५. अकरावीची शेवटची नियमित तुकडी आणि नव्या दहावीची पहिली तुकडी दोन्ही मार्च १९७५ लाच बसल्या. एका शाळेतून एका वर्षी दोन तुकड्या बाहेर पडल्या, त्यामुळे आलेखात त्या वर्षी उंच सुळका दिसतो. 'या वर्षी विद्यार्थीसंख्या अचानक दुप्पट झाली' असं वाक्य स्मरणिकेत जाऊ देऊ नका. नव्या पद्धतीची पहिली बारावी १९७७ ची. म्हणजे 'अकरावी उत्तीर्ण, १९७२' हा शालान्त झालेला माणूस आणि 'अकरावी उत्तीर्ण, १९७८' हा ज्युनियर कॉलेजात एक वर्ष काढलेला माणूस.

खडूफळा

शाईदौत यांनी नेमकं लिहिलंय. एक पुरवणी: स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई राज्यात पाचवी ते सातवीचं इंग्रजी काढलं आणि ते आठवीपासून सुरू केलं. जुने कर्मचारी तरीही सवयीने रजिस्टरात 'इं. १ ली' लिहीत राहिले. म्हणजे इयत्तेचं नाव इंग्रजी आणि वर्गात इंग्रजी विषयच नाही, अशा नोंदी पन्नाशीच्या दशकात सापडतात. इयत्तेच्या नावावरून अभ्यासक्रम ठरवू नका. त्या वर्षीचं वेळापत्रक किंवा निकालपत्रक मिळालं तर त्यावरून विषय काढा.

वर्धेकाठ

विदर्भात हे कोष्टक जसंच्या तसं लावू नका. नागपूर-वर्धा हा भाग मध्य प्रांतात होता. नागपूर विद्यापीठ १९२३ चं, त्याआधीच्या नोंदींत कलकत्ता आणि पुढे अलाहाबाद विद्यापीठाची नावं येतात. १९२२ च्या कायद्याने मध्य प्रांताचं स्वतःचं हायस्कूल शिक्षण मंडळ झालं. मुंबई इलाख्यात मॅट्रिक १९४८ पर्यंत विद्यापीठाची, इकडे पंचवीस वर्षं आधीपासून मंडळाची. म्हणून '१९३५ ची मॅट्रिक, मुंबई विद्यापीठ' असं नागपूरच्या शाळेबद्दल कुणी लिहिलं असेल तर प्रमाणपत्र मागा.

शाळेच्या नावात 'ए. व्ही.' असेल तर ते अँग्लो-व्हर्नाक्युलर. अशा बऱ्याच शाळा आधी मिडल स्कूल होत्या आणि वरचे वर्ग नंतर एकेक करून चढले.

नाथसागर

मराठवाडा पूर्ण वेगळा. निजामाच्या राज्यात हायस्कूलचं माध्यम उर्दू, मॅट्रिक उस्मानिया विद्यापीठाची, रजिस्टर उर्दूत आणि साल फसली, म्हणजे निजामी राज्यातलं महसुली सन. तीन ठिकाणी अडखळायला होतं.

साल: हैदराबादी फसली वर्ष ऑक्टोबरात, आजर महिन्यापासून सुरू होतं. ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या तारखेला ५९० मिळवा, जानेवारीपासून पुढे ५९१. फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८ चा सुमार. १७ सप्टेंबर १९४८ हा हैदराबाद मुक्तीचा दिवस त्या वर्षाच्या अगदी शेवटी येतो. सरसकट ५९० मिळवलं तर ही तारीख १९४७ मध्ये जाऊन पडते, आणि सगळा क्रमच उलटा होतो.

नाव: उर्दू लिपीत ळ आणि ण नाहीत, ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. काळे आणि काले, काणे आणि काने एकसारखे दिसतात. आडनाव तुमच्या मनाने 'दुरुस्त' करू नका. 'रजिस्टरात जसं' आणि 'आज जसं' असे दोन रकाने ठेवा. उर्दू वाचणारा माणूस गावातच मिळतो, त्याच्या शेजारी नावं ओळखणारा गावकरी बसवा. दोघं मिळून जे वाचतील ते एकट्याला जमत नाही.

कारण: १९३८-३९ च्या सुमाराला दाखले काढून गेलेली मुलं मोठ्या संख्येने दिसली तर वंदे मातरम् चळवळ आठवा. औरंगाबाद आणि हैदराबादच्या महाविद्यालयांतून विद्यार्थ्यांना काढलं गेलं आणि त्यांतले पुष्कळ नागपूरकडे शिकायला गेले. तुमच्या शाळेत तो धागा आहे की नाही हे 'शाळा सोडण्याचं कारण' आणि 'पुढे कुठे' या दोन रकान्यांतून कळेल.

मांडवी_काठ

गोव्याचंही थोडक्यात. १९६१ पूर्वीच्या कागदांत 'प्रिमैर ग्राव', 'सेगुंद ग्राव' हे प्राथमिकचे टप्पे, आणि पणजीच्या लिसेवाची, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळेची, सात वर्षं. लिसेवाच्या पाचव्या वर्षाला लोक ढोबळपणे मॅट्रिकच्या बरोबरीचं धरत. त्याच काळात गोव्यात इंग्रजी हायस्कूलंही होती आणि त्यांची मुलं मुंबईच्या मॅट्रिकला बसत. एकाच घरातले दोन भाऊ, एक लिसेवात आणि एक मॅट्रिकला, हे नवल नव्हे. मुक्तीनंतर काही वर्षं एसएससी पुण्याच्या मंडळाची, गोव्याचं स्वतःचं मंडळ १९७५ चं.

मोरपीस७२

फार उपयोगी धागा. दोन प्रश्न आहेत.

१) एका रजिस्टरात पानामागून पान जन्मतारीख १ जून आहे. हे खरं असू शकतं का?
२) स्थापनेचं साल शाळेच्या कमानीवर एक, जुन्या लेटरहेडवर दुसरं आणि मान्यतेच्या पत्रात तिसरं. कोणतं छापायचं?

दप्तरदार

मोरपीस, पहिल्याचं उत्तर: नाही, ती सोयीची तारीख आहे. शाळा जूनमध्ये सुरू होते आणि प्रवेशाचं वय जूनमध्ये मोजलं जातं. आईवडील 'होळीच्या आगेमागे', 'थोरल्या पुराच्या साली' एवढंच सांगत, गुरुजी वय बसेल असं साल धरून १ जून टाकत. महाराष्ट्रात साठी ओलांडलेल्या हजारो माणसांचा वाढदिवस त्यामुळे एकाच दिवशी येतो. इतिहासासाठी अशा तारखेतलं सालही एक-दोन वर्षं इकडेतिकडे धरा. 'आमचे सर्वांत लहान मॅट्रिक झालेले विद्यार्थी' असलं विधान १ जूनच्या आधारावर कधीच करू नका.

त्याहून जुन्या रजिस्टरात शके असतं. चैत्र ते डिसेंबर ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. 'शके १८२२ कार्तिक' म्हणजे १९०० चा ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि 'शके १८२२ माघ' म्हणजे १९०१.

दुसऱ्याचं: तिन्ही छापा, प्रत्येकासमोर ते कशाचं साल आहे ते लिहून. पहिला वर्ग कधी भरला, पूर्ण हायस्कूल म्हणून मान्यता कधी मिळाली, चालवणारी संस्था कधी नोंदली, या तीन वेगळ्या घटना आहेत. पुण्याचं न्यू इंग्लिश स्कूल जानेवारी १८८० मध्ये सुरू झालं आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ ची, म्हणजे संस्था शाळेपेक्षा धाकटी. उलट पुष्कळ संस्थांची पहिली शाळा एका गावची आणि तुमची शाळा वीस वर्षांनंतरची, तरी कमानीवर संस्थेचंच साल. कमान बदलायची गरज नाही, स्मरणिकेत मात्र स्पष्ट लिहावं.

एकोणिसाव्या शतकातल्या शाळेसाठी जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर बघा. साताऱ्याचा १९ वा खंड १८८५ चा, रत्नागिरी-सावंतवाडीचा १० वा १८८० चा, नाशिकचा १६ वा १८८३ चा. प्रत्येकात शिक्षणावर स्वतंत्र प्रकरण आहे, तालुकावार शाळा आणि मुलांची संख्या दिलेली. तुमची शाळा त्या यादीत आहे की नाही एवढं पाहिलं तरी अर्धे वाद मिटतात.

शाईदौत

'शाळा सोडण्याचं कारण' या रकान्याला फार कमी लोक हात लावतात, आणि माझ्या मते अख्ख्या रजिस्टरात सर्वांत बोलका तोच आहे. 'सतत गैरहजर, सबब नाव कमी केले' हे वाक्य शंभरदा येतं. ते कधी दाटीने येतं ते पाहा. १८९६-९७ ला पुण्या-मुंबईकडे प्लेग, १९१८ ला इन्फ्लुएन्झा, १९२०-२१ ला सरकारी शाळांवरचा बहिष्कार, ऑगस्ट १९४२ नंतरचे महिने, १९७२ चा दुष्काळ. कारणाच्या रकान्यात 'चळवळ' हा शब्द सहसा मिळणार नाही, कारण सरकारी शाळेचा मुख्याध्यापक तो लिहिणार नाही. तारखा मिळतील. एका आठवड्यात नववी-दहावीची पंधरा नावं कमी झाली असतील तर ते आजारपण नव्हे.

चढतीही दिसते. साठीच्या दशकात रजिस्टरं भराभर संपू लागतात, त्यामागे ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची सवलत आहे. यशवंतराव चव्हाणांच्या काळात कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांची फी माफ झाली आणि त्यासाठी वार्षिक १२०० रुपयांची मर्यादा पुष्कळ वर्षं लोकांच्या तोंडी होती. खेड्यातून चालत येणाऱ्या मुलांचं प्रमाण किती वाढलं हे 'आधीची शाळा' या रकान्यातल्या गावांच्या नावांवरून मोजता येतं. जिल्ह्याचा नकाशा घेऊन दर दहा वर्षांनी त्या गावांवर ठिपके लावा. त्या नकाशावर शाळेचा पसारा जसा दिसतो तसा चार पानांच्या मजकुरात दिसणार नाही.

कुंभार्ली

उपक्रमांचा भाग कसा काढायचा? रजिस्टरात खेळ, संमेलन, एनसीसी यांचं काहीच नसतं.

खडूफळा

कुंभार्ली, त्यासाठी सत्र शुल्काची कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, उघडा. हायस्कूलात मुलांकडून घेतलेल्या सत्र शुल्कातूनच गॅदरिंग, खेळ, वार्षिकांक, सहली यांचा खर्च व्हायचा आणि त्याचा हिशेब वेगळा ठेवावा लागे. मांडव, गॅसबत्त्या, पडदे, नाटकाच्या कपड्यांचं भाडं, बक्षिसाची पुस्तकं, सगळं तारीखवार. ज्या वर्षी मांडवाची ओळच नाही त्या वर्षी संमेलन झालं नाही. १९६२ आणि १९६५ च्या युद्धवर्षांत हे मुद्दाम तपासा, त्या पानांवर संरक्षण निधीची नोंद आहे का तेही पाहा. गॅसबत्तीचं भाडं बंद होऊन विजेच्या दिव्यांचं बिल कधी सुरू झालं, यावरून शाळेच्या मैदानावर वीज कधी आली ते कळतं.

डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाची नोंदवही, हा दुसरा खजिना. लेझमाचे जोड, मल्लखांब, डंबेल्स, हार्मोनियम, सूक्ष्मदर्शक, नकाशे, हातमाग किंवा टकळ्या: वस्तू कधी आली, किती आल्या, केव्हा निर्लेखित झाली, म्हणजे मोडीत काढली. टकळ्या चाळीस आल्या म्हणजे सूतकताई एका वर्गाची झाली, दोनशे आल्या म्हणजे शाळाभर. विज्ञान प्रयोगशाळा नावाला होती की खरी, हेही इथेच कळतं. दरवर्षी परीक्षानळ्या फुटल्याची नोंद असेल तर मुलं हाताने प्रयोग करत होती. वीस वर्षांत एकही फुटली नसेल तर कपाट बंद होतं.

एनसीसीचा कायदा १९४८ चा. पन्नाशीतल्या कागदात 'एसीसी' दिसलं तर ते ऑक्झिलरी कॅडेट कोअर, एनसीसीहून वेगळं. दोन्ही एकत्र मोजू नका. 'ए' प्रमाणपत्राच्या याद्या मिळाल्या तर त्या घ्या. फोटोतल्या गणवेशावरून अंदाज बांधू नका, कारण एमसीसी (महाराष्ट्र कॅडेट कोअर), आरएसपी (वाहतूक सुरक्षा पथक) आणि स्काउट यांचे गणवेश कृष्णधवल फोटोत सहज एकमेकांत मिसळतात.

चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांच्या याद्या बहुतेक कलाशिक्षकाच्या कपाटात वेगळ्या असतात, कार्यालयात शोधून मिळत नाहीत. शिष्यवृत्तीचे फलक वाचताना लक्षात ठेवा: २०१६-१७ पासून परीक्षा पाचवी आणि आठवीला गेली, त्याआधी चौथी आणि सातवीला होती. पाचवी ते दहावीच्या हायस्कूलच्या फलकावर पूर्वी फक्त सातवीची नावं असणार, त्यानंतरच्या काही वर्षांत दोन इयत्तांची. यादी लांबली म्हणून यश दुप्पट झालं असं होत नाही.

हस्तलिखित वार्षिकांक सापडला तर तो आधी सुरक्षित ठेवा, मग वाचा. त्याची एकच प्रत असते.

मोरपीस७२

गुणवंतांची यादी टक्क्यांच्या उतरत्या क्रमाने, १९५० पासून आजपर्यंत सलग लावली तर?

शाईदौत

कृपा करून तसं करू नका. एकूण गुण बदलले, विषय बदलले, मोजायची रीत बदलली. २०१० पासून दहावीला सर्वोत्तम पाच विषय धरतात, त्यात कला-क्रीडेचे सवलतीचे गुण मिळतात; इंटरमिजिएटला 'अ' श्रेणी असेल तर सात, 'ब' ला पाच, 'क' ला तीन. १८८७ च्या मॅट्रिकला गांधीजींना ६२५ पैकी २४७॥ (२४७.५) गुण, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या आतच, आणि ते उत्तीर्ण होऊन कॉलेजात गेले. सलग यादी लावली तर जुनी हुशार पोरं तळाला जातात आणि तो त्यांच्यावर अन्याय आहे. वर्षवार यादी करा, त्या वर्षीचा शाळेतला पहिला, समोर एकूण गुण आणि पैकी किती.

निकालाची टक्केवारी काढताना मार्चची आणि ऑक्टोबरची तुकडी वेगळी ठेवा. २०१५ पासून पुरवणी परीक्षा ऑक्टोबरऐवजी जुलैच्या सुमाराला होते. जुन्या मुख्याध्यापकांनी ऑक्टोबरचे उत्तीर्ण कधी मार्चमध्ये मिळवलेले असतात, कधी नाही. आणि भिंतीवरचा फलक हा पुरावा धरू नका. तो दर रंगकामाला पेंटर नव्याने लिहितो. निकालपत्रकाशी ताडून पाहा.

कुंभार्ली

चिपळूणकडे जुलै २०२१ च्या पुरात पुष्कळांचे कागद भिजले, सांगली भागात २०१९ ला. भिजून वाळलेली, पानं चिकटलेली रजिस्टरं कशी हाताळायची? लॅमिनेशन करावं असं काही जण सुचवतात.

दप्तरदार

लॅमिनेशन अजिबात नको. उष्णतेने शाई आणि कागद दोन्ही बिघडतात आणि ते परत काढता येत नाही. सेलोटेपही नको, पाच-सात वर्षांत डिंक पिवळा पडून अक्षरांवर उतरतो.

अजून ओल असेल तर पुस्तक उन्हात ठेवू नका, पानं आखडतात आणि कडा तडकतात. सावलीत, पंख्याखाली, दर आठ-दहा पानांत टिपकागद घालून, टिपकागद दिवसातून दोनतीनदा बदलत. टिपकागद नसेल तर कोरा, न छापलेला न्यूजप्रिंट चालतो. छापील वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. पूर्ण वाळून चिकटलेली पानं सुरी घालून सोडवू नका. ती गठ्ठ्यासकट बाजूला ठेवा आणि पुराभिलेख खात्यातल्या किंवा एखाद्या ग्रंथालयातल्या जतन करणाऱ्या माणसाला दाखवा. तोवर उरलेल्या पानांचं छायाचित्रण करून घ्या.

छायाचित्रण असं करा. टेबलावर दोन कापडी लोड ठेवून त्यांच्या मधे रजिस्टर अर्धवट उघडं ठेवायचं, पूर्ण सपाट दाबायचं नाही, नाहीतर शिवण सुटते. पानाच्या मागे कोरा पांढरा कागद सरकवा, म्हणजे मागची अक्षरं पुढे दिसत नाहीत. जुन्या काळ्या शाईत लोह असतं, तिने कागद खाल्लेला असेल तर अक्षराच्या जागी भोकं पडतात आणि हा कागद लावला नाही तर खालच्या पानाची अक्षरं त्या भोकांतून वाचली जातात. उजेड बाजूने, तिरका. समोरून फ्लॅश नको. हात धुऊन कोरडे करा. हातमोज्यांनी पान पकडताना उलट फाटतं. दोन माणसं, एक पान उलटणारा आणि एक फोटो काढणारा, सावकाश तासाला शंभरेक पानं होतात. प्रत्येक फोटोच्या नावात खंड आणि पान, आणि तीन प्रती तीन ठिकाणी.

नोंदणी तक्त्यात एक माणूस करेल, दर दहावी ओळ दुसऱ्याने मूळ पानाशी ताडायची. तीनपेक्षा जास्त चुका एका पानात निघाल्या तर ते पान पुन्हा. नावांत 'बिन' किंवा 'वलद' दिसलं तर तो 'चा मुलगा', आडनाव नव्हे. अशा ठिकाणी आडनावाचा रकाना रिकामा ठेवा, भरू नका.

विद्यार्थ्यांची एकूण संख्या शेवटच्या क्रमांकावरून काढू नका. मुलगा दाखला नेऊन परत आला की काही शाळा नवा क्रमांक देत, काही जुनाच चालवत. शिवाय मुलींचं रजिस्टर वेगळं असेल तर तिथे क्रमांक पुन्हा एकपासून.

वर्धेकाठ

एक गोष्ट राहिली आणि ती सर्वांत महत्त्वाची. या रजिस्टरावर आज जिवंत माणसांची कामं अडलेली असतात. जात पडताळणीसाठी अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्या जमातींना १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि तो बहुतेकदा आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरातच मिळतो. म्हणून रजिस्टर शाळेबाहेर न्यायचं नाही, स्मरणिका समितीच्या घरी तर नाहीच. त्यावर पेन्सिलनेसुद्धा खूण करायची नाही, कारण उद्या पडताळणीत तीच खूण 'खाडाखोड' ठरते आणि कुणाच्या तरी नातवाचा प्रवेश लटकतो. स्मरणिकेत पानाचा फोटो छापायचा असेल तर जात आणि जन्मतारखेचे रकाने झाका.

खडूफळा

वर्धेकाठ यांच्याशी पूर्ण सहमत. मुख्याध्यापकांना आधी लेखी पत्र द्या: कोणती रजिस्टरं, कोणत्या खोलीत, किती ते किती, कोणाच्या देखरेखीखाली. पानं मोजून घ्या, मोजून परत द्या, दोन्ही वेळा लिपिकाची सही घ्या. एक पान जरी कमी भरलं तरी संशय समितीवर येतो, मग पुढची वीस वर्षं कोणी कपाट उघडू देत नाही.

मोरपीस७२

इंग्रजी इयत्तांचं कोष्टक आणि फसलीचा हिशेब एका कागदावर काढून तक्त्याशेजारी चिकटवते. शके असलेल्या नोंदी पहिल्या दोन खंडांत आहेत, त्या आधी घ्यायच्या का?

दप्तरदार

हो, जुने खंड आधी. कागद तिथलाच आधी जातो. आणि त्यांतली पहिली पंधरा-वीस पानं सर्वांत आधी, कारण कपाटात पुट्ठ्याला लागून असलेल्या पानांनाच कसर पहिली लागते.